पोटखराबा

अर्ज होता: हद्द कायम करून मिळावी.
मौजे निवेखोल, गट नंबर एकशे बारा,
खाली खाडी, वर कातळ.
सकाळच्या एसटीने निघाले,
यंत्र मांडीवर, तिवई सीटखाली.
शिपाई रजेवर. झेंडा धरायला आला
दत्तू गोरिवले, वय अठ्ठ्याहत्तर,
कानावर विझलेली विडी.

बंगला मुन्सफ बेहेऱ्यांचा.
कराचीहून पेन्शन घेऊन आले, ते साल
दत्तूच्या हिशेबात प्लेगनंतर, पहिल्या लढाईच्या आधी.
सोबत एक रंगीत चित्र आणलेलं
कुण्या गोऱ्या साहेबाच्या बागेचं:
डोंगर कापून अकरा टप्पे,
टप्प्याटप्प्यावर गुलाब, मधोमध कारंजं.
अस्संच पाहिजे, म्हणाले.

चिरा तिथलाच निघाला.
शिंपल्यांचा चुना दाऊद मुकादमाच्या मचव्यातून,
कौलं मंगळूरची.
माती मात्र कातळावर नव्हतीच.
ती कुळांच्या मळ्यांतून वर चढली
बायांच्या डोक्यावरून,
टोपलीमागे एक चिंचोका,
दिवेलागणीला चिंचोके मोजून पैसे.
भागी रेवाळीण मेली तेव्हा
तिच्या उतरंडीच्या तळच्या मडक्यात
एकशे चाळीस चिंचोके निघाले.

गुलाब खाऱ्या वाऱ्याने पहिल्या वर्षी जळले.
दुसऱ्या वर्षीही.
तिसऱ्या वर्षी द्वारकाबाईंनी
कुणाला न विचारता अबोली लावली.
कारंजं एकूण दोनदा उडालं:
एकदा कलेक्टर आले तेव्हा,
एकदा आदल्या दिवशी, तालीम म्हणून.
चार गडी माळ्यावरच्या टाकीत
घागरी ओतत होते.

जमाबंदीच्या कारकुनाने विचारलं, पीक काय?
फुलं.
फुलांना रकाना नव्हता.
त्याने टाक झटकला आणि अकराही टप्पे
एका शब्दात बसवले:
पोटखराबा.

म्हणून सत्तावन साली
मळे कुळांच्या नावावर चढले
आणि बाग बेहेऱ्यांकडे राहिली.
कसलेलीच नाही, तिला कूळ कसलं?
वरची माती खालच्या मळ्यातली,
हे कुठल्याच फेरफारात नाही.
मी सगळे काढून बघितले.

पुढे बंगल्यात कस्टमवाले राहिले,
मग बालवाडी भरली, भिंतीवर अजून
खडूचा एक हत्ती आहे, सोंड अर्धी.
आता पुण्याची कंपनी घेते आहे.
त्यांच्या माणसाने मला थंड पाणी दिलं आणि
हेरिटेज हा शब्द पाच वेळा उच्चारला.

सातव्या टप्प्यावर वाचन जुळेना.
गडगा सरळ यायचा सोडून
पाऊण मीटर बाहेर फुगलेला.
पुन्हा घेतलं. तेच.
तिवई हलली असेल म्हणून पुन्हा.

दत्तू झेंडा टेकून उकिडवा बसला.
‘मशीन बरोबर हाय बाय.
तिथं सुरंगी व्हती.
मुन्सफ म्हनले, तोडा, ओळ सरळ पायजे.
तानू रेवाळे व्हय म्हनला,
नि चिरे वळवून घेतले.’
भागीचा नवरा?
‘सासरा.’

सुरंगी फयानच्या वादळात गेली.
वळणाच्या आत आता
गवतही धड नाही.
गडगा मात्र अजून अंग चोरून उभा आहे
कुणाला तरी जागा देत.

मी नकाशावर ते वळण काढलं.
साहेब म्हणतील, सरळ करून टाका,
क्षेत्रात असा काय फरक पडतो.

उन्हं खाडीवर गेली. सामान आवरलं.
दत्तूने विचारलं, किती भरलं?
मी गुंठे सांगितले.
‘आनि खोल?’
खोली मोजत नाहीत काका,
लांबी आणि रुंदी, बस.

तो काही बोलला नाही.
झेंड्याची काठी दोन्ही हातांत धरली
आणि टप्प्यात खुपसली.
मुठीपर्यंत गेली.